पडत नाही, सरकतो

लिफ्टला तो कधी लिफ्ट म्हणाला नाही. पाळणा म्हणायचा. "सकाळपासून तीन पाळणे बघून आलो," असं पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला वाटलं, गडी बाळंतिणींच्या दवाखान्यात कामाला असावा. पण अंगात ग्रीसनं काळवंडलेला निळा शर्ट, खिशाला तीन स्क्रूड्रायव्हर आणि उजव्या कानामागे चिंचोक्याएवढा घट्टा. घट्ट्याचं कारण मी नंतर विचारलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. मशीनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. सव्वीस वर्षं तो असं ऐकत होता.

"डॉक्टरला पेशंट सांगतो तरी कुठं दुखतंय," तो म्हणायचा. "आमचा पेशंट मुका. वर माणसं पोटात घेऊन फिरतो."

सगळे त्याला खालीवर म्हणत. "जन्मभर खालीवर केलं, पुढं काही गेलो नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. सांगून झाला की दुसऱ्याच्या आधी स्वतःच हसायचा. काड्यापेटीसारखा सडपातळ माणूस, पण गच्चीवरच्या मशीनरूमची लोखंडी शिडी पन्नाशीतही दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचा.

त्याच्या कंपनीकडं पाचपंचवीस इमारतींच्या लिफ्टची देखभाल होती. प्रत्येक मशीनरूममध्ये एक वही असते. काय बिघडलं, काय केलं, ते त्यात लिहायचं. कंपनीनं बिघाडांना नंबर दिले होते; नंबर लिहायचा आणि सही ठोकायची. हा नंबर लिहायचा, आणि शेजारी आपल्या गोल गोल अक्षरात आपलं म्हणणंही लिहायचा. 'पाळणा कुरकुरतो' म्हणजे तेल हवं. 'पाळणा हट्ट करतो' म्हणजे दार मिटत नाही. आणि 'पाळणा रडतो' म्हणजे ब्रेक. ब्रेकचं लायनर, म्हणजे ड्रमला आवळून धरणारी पट्टी, झिजत आलं की थांबताना एक बारीक सूर निघतो, लहान पोर तोंड दाबून रडावं तसा. सव्वीस वर्षांत 'रडतो' हा शब्द त्यानं चार पाळण्यांबद्दल लिहिला होता. चारही वेळा लायनर बदललं गेलं. पाचव्या पाळण्याचं नाही.

हा पाचवा पाळणा ज्या इमारतीतला, ती दहा मजल्यांची. खाली दुकानं, मधे ऑफिसं, सातव्या मजल्यावर डायलिसिसचं सेंटर. लिफ्ट दोन. एक नंबर लहान, जुनी, पाचव्यापर्यंतच जाते. दोन नंबर मोठी, स्ट्रेचर मावेल एवढी, ती वरपर्यंत. किडनीचे पेशंट सगळे दोन नंबरनं जायचे. त्यांत एक त्याची थोरली बहीण होती. अक्का. आई लवकर गेल्यावर हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलेलं. दोन्ही किडन्या बसलेल्या. आठवड्यातून तीनदा सातवा मजला.

माझी खोली सायकलच्या दुकानावर आहे. भंगारातून उचलून मी स्वतः दुरुस्त केलेले चार कंप्यूटर, आणि अर्ज लिहून घ्यायला आलेली माणसं. मला कुणी शिकवलं नाही. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून वाद आहे. तरी लोक मला मास्तरीणबाई म्हणतात, आणि मला ते आवडतं.

तो आला, टोपी काढून बाकावर बसला, आणि खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर उलटी केली. काळी पूड. मिशरीसारखी.

"हे काय?"

"दोन नंबरच्या ब्रेकचं लायनर. ड्रमखाली साठलं होतं. गोळा केलं."

मग त्यानं सांगितलं. पाळणा रडतो असं तीनदा लिहून दिलं. साहेब, म्हणजे कंपनीचा सुपरवायझर, तीनदा म्हणाला, पार्ट मागवलाय. चौथ्यांदा हा वर गेला तर वहीच नवी. जुनी म्हणे भिजली. गच्चीवर सताड ऊन, मशीनरूमला पक्कं छप्पर, आणि वही भिजली! खाली लिफ्टमध्ये फ्रेममध्ये घालून नवं सर्टिफिकेट लागलेलं, एक वर्ष बिनधास्त म्हणून. त्यावर सरकारी तपासनिसाची सही.

"तो वर गेला कधी? वरची किल्ली माझ्याकडं. उडत गेला?"

"मग तुम्ही बंद का नाही करत लिफ्ट?"

"केला ना. दोनदा मेनचा खटका काढला. दोन्ही वेळा साहेबानं फोन करून चालू करायला लावला. तिसऱ्यांदा मी ऐकेना म्हणून किल्ली तासाभर मागून घेतली आणि दुसऱ्याला पाठवला. तो गेला, खटका वर केला, चहा पिऊन आला."

"आणि पडली म्हणजे?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. मला गप्प करणारी माणसं फार नाहीत.

"पाळणा पडत नाही, बाई. सिनेमात पडतो. दोर पाच असतात, एकावर पण तरतो. वर वेग वाढला की आवळून धरणारी यंत्रं आहेत. पडत नाही, सरकतो. आत्ता मजल्यावर थांबला की चार बोटं खाली बसतोय. उद्या दार उघडं असताना सरकेल. माणसाचा एक पाय आत, एक पाय बाहेर. तेव्हा सरकेल." त्यानं एक तळहात दुसऱ्यावरून हळूच खाली नेला. "अक्का चालते सावकाश. तिला दारातून जायला वेळ लागतो."

एवढंच त्याला हवं होतं. ब्रेकचं लायनर बदललं जावं. बाकी कुणाला फासावर द्यायची त्याला हौस नव्हती.

मी लगेच कागद ओढला. लिफ्ट तपासणीच्या ऑफिसला अर्ज. तो म्हणाला, नाव घालू नका. मी भडकले. म्हटलं, शेपूट घालताय का?

"नोकरीचं जाऊ द्या. नाव आलं की वरची किल्ली जाईल. मग माझ्यामागं ऐकणार कोण? तो चहावाला?"

हे खरं होतं. म्हणून मी त्याला निनावी जाळ्याचं सांगितलं.

त्या दिवसांत मला त्या जाळ्याचं भारी वेड. सहा महिने डोकं फोडून मी ते शिकले होते, आणि नवीन सून जशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दागिने दाखवते तशी दाखवत होते. म्हटलं, समजा तुम्हाला साहेबाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची आहे. चिठ्ठी पाकिटात घाला, ते दुसऱ्या पाकिटात, ते तिसऱ्यात. बाहेरचं पाकीट शेजाऱ्याला द्या. तो ते फाडतो, आतल्या पाकिटावर पुढच्याचा पत्ता असतो, तो पुढं देतो. मधल्या कुणालाच चिठ्ठी कुठून निघाली आणि कुठं चालली हे दोन्ही माहीत नसतं.

"हे शेजारी कोण?"

"माझ्यासारखे. दुनियाभर. आपापला कंप्यूटर चालू ठेवतात आणि दुसऱ्यांची पाकिटं पुढं ढकलतात. त्याला मालक नाही, ऑफिस नाही. म्हणजे साहेबानं दम द्यायचा तर कुणाला द्यायचा?"

"पगार?"

"नाही."

"मग कशाला करतात?"

"तुम्ही मशीनला कान का लावता? कंपनीनं सांगितलंय?"

तो हसला. म्हणाला, लिहा.

मी लिहायला बसले आणि तो सांगू लागला. 'दोन नंबरचा पाळणा रडतो. तीनदा लिहून दिलं. वही बदलली.' माझी बोटं क्षणभर थांबली. पाळणा? साधं 'लिफ्टच्या ब्रेकमधून आवाज येतो' असं लिहावं का? पण माझं एक तत्त्व आहे, आणि तेव्हा त्याचा मला फार ताठा होता. गरिबाचं म्हणणं त्याच्याच शब्दात जावं. शिकलेल्यांनी आमच्या तोंडात आपली भाषा कोंबून कोंबून आमचा आवाज घालवला, असं मी चार सभांत ठणकावून सांगितलेलं. कानामात्रा न बदलता मी सगळं टाइप केलं. वर त्यालाच म्हटलं, "तुमच्या बोलण्याला धार आहे हो!" तो लाजला.

पान चढलं. अशा पानाला एक किल्ली असते, ओळभर लांब अक्षरांची. ती ज्याच्याकडे, तोच ते पान बदलू शकतो आणि पान आपलंच आहे हे दाखवू शकतो. मी त्याला सांगितलं, ही कुणाच्या हाती लागली तर तो पुरावा. पुसून टाकते.

"किल्ली टाकू नये, बाई," तो चटकन म्हणाला. "आमच्यात टाकत नाहीत. आत कुणी अडकलं तर?"

"इथं कोण अडकणार आहे?" मी म्हटलं आणि पुसली.

शेवटी त्याला बजावलं, कुणाला बोलायचं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. गुपित दोघांत असलं तर गुपित, तिसऱ्याला कळलं की गावजेवण. त्यानं मान डोलावली. तो शब्दाचा पक्का होता. माझ्याच दुर्दैवानं.

पुढचे नऊ दिवस काही म्हणजे काही झालं नाही.

त्या पानाचा पत्ता म्हणजे मांजरानं कीबोर्डवरून चालत जावं तशी अक्षरं. ते उघडायला वेगळा प्रोग्राम लागतो. मी पत्ता चिठ्ठ्यांवर लिहून डायलिसिसच्या चार पेशंटना दिला. एकीनं तो औषधाचं नाव समजून मेडिकलवाल्याला दाखवला. एका पत्रकाराला दिला. तो म्हणाला, "वाचलं. पण हे म्हणतंय कोण?" म्हटलं, एक मेकॅनिक. "नाव?" म्हटलं, नाव असतं तर तिथं कशाला टाकलं असतं? तो म्हणाला, "मग मी हे छापायला नेलं आणि संपादक विचारतील कोण म्हणतंय, तेव्हा काय सांगू? जाळं म्हणतंय?"

लिफ्ट तपासणीच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कनं बोट करून भिंतीवरची पाटी दाखवली. निनावी तक्रारींची दखल घेतली जाणार नाही. मी टेबलावर हात आपटला. त्याचं पेन खाली पडलं. त्यानं ते वाकून उचललं, पुसलं आणि म्हणाला, "बाई, इथं रोज माणसं टेबल बडवतात. टेबल सरकारी आहे, टिकतं."

खालीवर रोज संध्याकाळी यायचा. "कुणी वाचलं?"

"सहा जणांनी."

"त्यातले आपण किती?"

"तीन वेळा मीच."

तो मान हलवायचा. मग सांगायचा, आज पाच बोटं खाली बसला.

दहाव्या दिवशी कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून पेशंटच्या नातेवाइकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकला. तो वणव्यासारखा पेटला. माझी छाती फुगली. दुपारी मी तो मेसेज पाहिला. फोटो अगदी लहान, न वाचता येण्याजोगा. खाली कुणी मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'दोन नंबरची लिफ्ट पडणार! आतल्या माणसाची खबर!! पुढं पाठवा.'

पडणार.

खालीवर धावत आला. त्याला इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. "पडणार कुणी लिहिलं? मी पडणार म्हटलं? सरकतो म्हटलं! बाई, ते पान बदला. मोठ्या अक्षरात लिहा. पडत नाही, सरकतो."

मी कंप्यूटरसमोर बसले होते. बदलायला किल्ली लागते, हे मला त्याला सांगावं लागलं.

खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा त्यानं हातात घेतला, बघितला, परत ठेवला.

मी नवीन पान टाकलं. पण नवीन पान म्हणजे नवीन किल्ली, नवीन अनोळखी माणूस. पहिल्याचंच म्हणणं हे पुढं नेतंय, याला आधार काय? तोवर ग्रुपवर आणखी दोन 'आतले मेकॅनिक' उगवले होते. एक म्हणत होता दोर चोरीचे आहेत. दुसरा म्हणत होता तळाशी कुणीतरी पुरलेलं आहे. जाळ्यानं आम्हाला चेहरा झाकायला पदर दिला होता. पण पदर सगळ्यांनाच दिला होता. त्याखाली कोण खरं बोलतंय, हे त्याला काय ठाऊक?

दुसऱ्या दिवशी दोन नंबर बंद झाली. दारावर कागद: 'खोडसाळ अफवेमुळे लिफ्ट तपासणीसाठी बंद. गैरसोयीबद्दल अफवा पसरवणारा जबाबदार.' लायनर बदललं असतं तर मी त्या कागदाला नमस्कार केला असता. पण वर कुणी गेलंच नाही. मशीनरूमची किल्ली खालीवरकडंच होती ना.

दोन दिवस पेशंट लहान लिफ्टनं पाचव्यापर्यंत आणि पुढचे दोन मजले पायी. चव्वेचाळीस पायऱ्या. अक्कालाही तसंच जावं लागलं. खालीवर तिच्या मागं, हात तिच्या पाठीला. सहाव्याच्या वळणावर ती भिंतीला टेकून बसली. ओठ पांढरे. बरोबर आणखी तीन-चार पेशंट, सगळे धापा टाकणारे.

"ज्यानं कुणी हे लिहिलं ना," अक्का म्हणाली, "त्याचे हात झडोत. मेल्याला आई-बहीण आहे की नाही?"

"हो ना," मागची बाई म्हणाली. "तोंड लपवून आग लावायची आणि पळायचं."

खालीवर खाली वाकला होता. अक्काच्या चपलेचा पट्टा सुटला होता, तो लावत होता. तो पट्टा लावायला त्याला फार वेळ लागला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हाही तो खालीच बघत होता.

तिसऱ्या दिवशी साहेबानं खालच्या लॉबीत सगळ्यांना बोलावलं. पेशंट, नातेवाईक, दुकानदार, कंपनीचे मेकॅनिक. मीही गेले. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, गोड हसत. त्यानं वाळूच्या गोणी आणल्या होत्या. वीस गोणी लिफ्टमध्ये रचल्या, दार लावलं, वर पाठवली, खाली आणली. वर, खाली. मग एका इंजिनिअरनं चित्र काढून दाखवलं: पाच दोर, एक तुटला, दोन तुटले, चार तुटले, तरी लिफ्ट पडत नाही.

"पडली का?" साहेबानं विचारलं.

"नाही!" लोक म्हणाले. काहींनी टाळ्या वाजवल्या. खालीवर भिंतीला टेकून उभा. इंजिनिअरचा शब्दन् शब्द खरा होता. आपण जे कधी म्हटलंच नाही, ते खोटं ठरताना माणूस ऐकत होता.

मी ओरडले, "सरकते का ते दाखवा! दार उघडं ठेवून दाखवा!"

साहेब माझ्याकडं वळला. "आपण कोण? लिफ्टमध्ये काम केलंय?"

"नाही, पण—"

"मग कुणी सांगितलं आपल्याला?"

लॉबीत पन्नास माणसं. खालीवर दहा हातांवर उभा. तोंड उघडलं तर त्याला विकणार, मिटलं तर लोकांना. मी मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं आणि माझ्याकडं उत्तर असून मी गप्प बसले.

साहेबानं खिशातून कागद काढला. छापलेलं पान. मूळ पान, पूर्ण. "या विद्वानानं काय लिहिलंय ऐका. 'दोन नंबरचा पाळणा रडतो.'"

लोक हसले. पाळणा! रडतो! एक दुकानदार म्हणाला, "मग दूध पाजा!" आणखी हशा. आणि त्या हशात इमारतीचा वॉचमन, चांगला माणूस, खालीवरचा पंधरा वर्षांचा दोस्त, रोज दुपारी त्याच्याबरोबर डबा खाणारा, मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे, हा तर आमचा खालीवर! त्याच्याशिवाय पाळणा कोण म्हणतं?"

प्रेमानं म्हणाला. आपल्या माणसाचं लिखाण छापून आलं, या कौतुकानं. तोंडातून शब्द गेला आणि त्याचाच चेहरा उतरला.

माझा कंप्यूटर कुणी फोडला नव्हता. तीन पाकिटांतलं एकही कुणी फाडलं नव्हतं. दुनियाभरच्या शेजाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. घात केला तो आमच्याच शब्दानं, जो मी तत्त्व म्हणून राखला. आणि शब्द नसता तरी काय मोठं? त्या गच्चीवर नेमानं जाणारा माणूसच एक. लपायचं तर माणसाला गर्दी लागते. एका माणसाची गर्दी होत नाही. जाळं शिकायला मला सहा महिने लागले आणि एवढी एक गोष्ट कळायला एक दुपार.

साहेबानं आवाज चढवला नाही. खालीवरजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. "दमलात तुम्ही. इतकी वर्षं मशीनला कान लावून कानाचं काही झालं असेल. गोदामात बसा थोडे दिवस." आणि हात पुढं केला. खालीवरनं जुडग्यातून एक किल्ली सोडवली. कडी घट्ट होती, नखानं निघेना. सगळे बघत होते. निघाली.

दोन नंबर त्याच संध्याकाळी सुरू झाली.

घरी अक्का त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले, म्हटलं चूक माझी, शिव्या मला द्या. ती उशीला टेकून बसली होती. हाताच्या शिरेवर सुजेची गाठ, त्यावर बँडेज.

"शिव्या देऊन झाल्या," ती म्हणाली. "जिन्यात दिल्या. ह्याच्या तोंडावर. आणि हा खाली बसून माझ्या चपलेचा पट्टा लावत होता." मग त्याच्याकडं वळली. "माझ्यापासून लपवलंस?"

"बाईंना शब्द दिला होता."

"मेल्या, मला ते पान कुणी वाचून दाखवलं ना, तेव्हा वाटलं कुणी तरी टवाळ. नाव नाही, गाव नाही. तू नुसतं म्हणाला असतास, अक्का, त्यात जाऊ नकोस, तर मी विचारलं असतं का, का म्हणून?"

जगभरच्या अनोळखी माणसांपर्यंत पोचायची वाट मी त्याला दाखवली होती, आणि एका खोलीतल्या बहिणीपर्यंतची बंद केली होती.

मग आम्ही नावानिशी अर्ज दिला. त्यानं स्वतः, गोल अक्षरात. लायनरची पुडी सोबत जोडली. तोच क्लार्क, तेच पेन. त्यानं तारीख बघितली.

"गोदामात बदली कधी झाली?"

"गेल्या सोमवारी."

"आणि अर्ज आज. म्हणजे राग काढताय." तो काही वाईट बोलत नव्हता, फाइलमध्ये काय लिहिलं जाईल ते सांगत होता. "आधी का नाही दिला?"

"आधी जाळ्यावर लिहिलं होतं. ते पान माझंच."

"कशावरून?"

खालीवरनं माझ्याकडं बघितलं. किल्ली असती तर दोन मिनिटांचं काम. तारखेसकट सिद्ध झालं असतं, की बदलीच्या बारा दिवस आधीच हा माणूस सांगत होता.

"ते पान माझंच असं म्हणणारे तुम्ही तिसरे," क्लार्क म्हणाला. "आणि ही पूड कसली? दंतमंजन आहे की काय, कोण सांगणार?" त्यानं शिक्का मारला. अर्ज आत गेला. अजून आतच आहे.

पान अजून जाळ्यावर आहे. मी पुसू शकत नाही, साहेबही पुसू शकत नाही. माझा कंप्यूटर आणि कुठले कुठले शेजारी ते धरून बसलेत. एवढं त्या जाळ्यानं कबूल केलं होतं आणि एवढं ते करतंय. माझ्याकडं अजून माणसं येतात. काहींना ते जाळं दाखवते, कारण काहींच्या मागं खरंच गर्दी असते. पण आधी विचारते: हे ठाऊक असलेली माणसं किती? एक असेल तर कंप्यूटर बंद करते. आणि मग त्याला काय सांगायचं, ते मला आजही माहीत नाही.

खालीवर गोदामात दारांचे रबर मोजतो. आठवड्यातून तीन सकाळी उशिरा जातो. त्या दिवशी अक्काबरोबर लहान लिफ्टनं पाचव्यापर्यंत, आणि पुढं चव्वेचाळीस पायऱ्या. त्यानं एक घडीचं स्टूल घेतलंय. दर अकरा पायऱ्यांनी ते उघडतो, ती बसते, तो भिंतीला टेकून उभा राहतो.

मागच्या आठवड्यात मी बरोबर होते. पाचव्यावर दोन नंबरचं दार उघडलं. आत चार पेशंट, एक नर्स. फरशीपासून लिफ्ट चांगली वीतभर खाली. खालीवरनं स्टूल माझ्या हातात दिलं आणि पुढं झाला.

"बाहेर या. कृपा करून बाहेर या. ब्रेक गेलाय. जिन्यानं चला, मी हात देतो."

एक म्हातारा काठी सावरत पुढं आला, थबकला. खालीवरच्या अंगावरचा चुरगळलेला शर्ट, रिकामा खिसा, बिल्ला नसलेली छाती त्यानं नीट बघून घेतली.

"तुम्ही कोण?"

खालीवरनं तोंड उघडलं. मी वाट बघत होते. अक्का वाट बघत होती. नर्स बटणावर बोट ठेवून होती.

"मी... इथं..." तो म्हणाला.

दार मिटलं. त्यानं घाईनं दाराच्या पत्र्याला कानामागचा घट्टा टेकवला. स्क्रूड्रायव्हर नव्हता. ब्रेक पाच मजले वर, गच्चीवर. तिथलं इथं काही ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तो ऐकत राहिला, वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत. मग मिटल्याचा येईपर्यंत.

"चल रे," अक्का म्हणाली. "आपल्याला उशीर होतोय."